जावईबापूंनी बदललेलं गिअर ऑईल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. मी आयुष्यात एकदाच गाडीचं गिअर ऑईल बदललं. तेही सासऱ्यांच्या जीपचं, आणि तेही धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून जेवायला गेलो असताना!

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माझं लग्न नवीन, सासुरवाडी पेडगावची. मी परभणीच्या एका कचेरीत कारकून. कचेरीच्या जीपच्या दुरुस्तीचे सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे, त्यामुळे गाडीचा एकूण एक भाग मला तोंडपाठ होता. फक्त नावानं.

आता धोंड्याच्या महिन्यात जावयाची काय बडदास्त असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी पाटावर बसवून सासऱ्यांनी माझे पाय धुतले. पुरणाचे धोंडे खाल्ले, वर वाटीभर तूप प्यालो. एवढं झाल्यावर माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. मला जरा जास्तच वाटलं.

दुपारी ओसरीवर मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "जीपचा गिअर लय कुरकुर करायलाय. तेलाचा डबा आणून ठेवलाय. गुरुवारी परभणीहून उस्ताद येणार हाय बदलायला."

"उस्ताद कशाला?" मी म्हणालो. "मी आहे ना!"

आतून बायको म्हणाली, "अहो, तुमी सायकलची चैन तरी कधी बसवलीत का?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

घाईचं खरं कारण दत्तू होता. दत्तू माझा धाकटा मेहुणा. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पूर्ण्याला रेल्वेत खलाशाच्या, म्हणजे यंत्रांच्या दुरुस्तीतल्या मदतनिसाच्या, जागेसाठी त्याची मुलाखत होती. याआधी दोनदा परत आला होता, आणि पुढच्या खेपेला वय उलटणार होतं. म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही. बिचारा पेडगाव स्टेशनावरून सकाळच्या पॅसेंजरनं जाणार होता. मी म्हणालो, "दारात जीप असताना पॅसेंजर? मी स्वतः सोडतो तुला!"

तर मी गोणपाट अंथरून जीपखाली शिरलो. खालचा नट सोडला, घमेल्यात काळंकुट्ट तेल उतरलं, नट परत आवळला. इथवर माझं बरोबर होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण यापुढे असं वाक्य येणार नाही.

नवीन तेल भरायचं कुठून? गिअरबॉक्सच्या कुशीला एक नट असतो, तिथून. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी त्या नटावर अख्ख्या भादव्याचा चिखल वाळून बसला होता. मला काही तो दिसला नाही. मी बाहेर आलो, बॉनेट उघडलं, आणि समोर इंजिनावर चांगलं ऐसपैस झाकण! आता एवढं सोयीचं तोंड समोर असताना माणूस दुसरं कशाला शोधेल? तुम्हीच सांगा.

शेतावरचा सालगडी किसन शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "पाव्हणं, उस्ताद तर खालूनच भरतेत, पिचकारीनं."

"किसन, गप ऱ्हा," मामा म्हणाले. "जावईबापू कचेरीत हाईत."

मग दत्तूला राहवेना. "दाजी, ह्ये तर इंजनाचं तोंड हाय ना?"

"दत्तू, इंजिन आणि गिअर एकमेकांना जोडलेले असतात की नाही?"

"असतेत."

"मग? वरून ओतलेलं तेल जाईल कुठं? खालीच उतरणार!"

दत्तूनं बापाकडे पाहिलं. बापानं गोठ्याकडे पाहिलं. मी डबा उपडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जीप सुरू केली आणि अंगण दिसेनासं झालं. निळा धूर! तुळशीसमोर उभ्या असलेल्या मामी खोकत खोकत घरात गेल्या.

"नवीन तेल आहे," मी म्हणालो. "सुरुवातीला असंच करतं."

"असंन," मामा म्हणाले आणि मागे बसले. दत्तू माझ्या शेजारी. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला तेल, मांडीवर कागदांची पिशवी.

पहिला मैल बरा गेला. दुसऱ्या मैलाला खालून शिटी वाजायला लागली. मग ती शिटी रडायला लागली. त्यानंतर जात्यात खडे टाकून दळावेत तसा आवाज सुरू झाला. मी आवाज ऐकू येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं मुलाखतीत कसं बोलावं ते सांगत होतो. दत्तू मान हलवत होता, पण त्याचे डोळे माझ्या पायाखालच्या पत्र्याकडे होते.

परभणी दोन कोसांवर राहिली असताना गिअरनं आचका दिला आणि अडकला. दांडा पुढे जाईना की मागे येईना. हात लावावा तर चटका बसायला लागला. इतक्यात शेजारच्या रुळांवरून सकाळची पॅसेंजर गेली. निवांत, वेळेवर.

दत्तू उतरला, पान्हा घेऊन जीपखाली शिरला. चिखल खरवडल्याचा आवाज आला, मग नट फिरल्याचा.

"दाजी," खालून आवाज आला, "बोट घालून बघितलं. कोरडं हाय. ठणठणीत."

मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "आमाला कालच वाटलं हुतं."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"बोलणार कसं? काल सकाळी तुमचे पाय धुतले, अन् दुपारी तुमाला चुकलाव म्हणायचं?"

आता मात्र मला माझीच लाज वाटली. थट्टा नाही, खरंच. पोराची शेवटची संधी, आणि ती मी एका डब्यात घालून इंजिनाला पाजली होती. दत्तू बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, सदऱ्यावर डाग. मला त्याच्याकडे बघवेना.

मागून मुगाची पोती भरलेला ट्रक आला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि हात जोडले. ट्रक पूर्ण्याकडेच निघाला होता. दत्तू पोत्यांवर चढला आणि गेला. हात धुवायलाही वेळ मिळाला नाही.

ट्रकवाल्याबरोबर धाडलेला निरोप मिळून दुपारी परभणीहून उस्ताद आला. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"साब, गिअर का तेल इंजन कू कायकू पिलाए?"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी रुळांकडे पाहिलं.

संध्याकाळी दत्तू पॅसेंजरनं परत आला. आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. मामींनी विचारलं, "काय झालं रं?"

"घेतलं मला," दत्तू म्हणाला.

मामी रडायला लागल्या. मीही लागलो असतो, पण जावई होतो.

"सायबांनी आधी हातच बघितले," दत्तू सांगायला लागला. "म्हणले, मुलाखतीला असे हात घेऊन आलास? म्हणलं, सायेब, वाटंत गिअरबॉक्स कोरडा पडला. म्हणले, कोरडा पडलेला वळखायचा कसा? मग मी सगळंच सांगितलं. आधी शिटी वाजती, मग दळल्यावानी आवाज येतो, दांडा तापतो, अन् मग अडकतो. तेल कुशीच्या नटातून भरायचं, इंजनात ओतायचं न्हाई, ओतलं तर निळा धूर निघतो. बाकीची पोरं नुसतं पुस्तकातलं सांगायलीत. सायेब लय खूश! म्हणले, ह्ये शिकलास कुठं? म्हणलं, घरीच. आमच्या दाजींनी करून दाखवलं."

ओसरीवर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जरा ताठ बसलो. शेवटी नोकरी लागली ती कोणामुळे?

"मग?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "साहेब माझ्याबद्दल काही म्हणाले की नाही?"

"म्हणले ना," दत्तू म्हणाला. "तुझे दाजी कधी रेल्वेत अर्ज करणार असतील तर मला आधी कळव म्हणले. मी बदली करून घेतो."