शेपूटरावांची जागा

डोंगरातून, ओढ्यानाल्यांतून टोळीने गाड्या हाकायच्या तर सगळ्यात आधी मागे बघायला शिकावं लागतं, आणि नेमकं तेच कुणाला शिकायचं नसतं. ज्याला त्याला समोरचा चढ दिसतो, पाणी दिसतं, चिखलाने माखलेली आपली गाडी फोटोत कशी दिसेल तेही दिसतं. आरसा तेवढा दिसत नाही.

नियम तर अगदी साधे. प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. वाट फुटली की मागची गाडी नजरेस पडेपर्यंत तिथेच थांबायचं. चढावर एका वेळी एकच गाडी. रुतल्या जागी चाकं गरागरा फिरवायची नाहीत, कारण तो खड्डा मागच्याच्या वाट्याला येतो. शेताचं फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद सापडलं तर बंद करायचं. एवढं पाळलं की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत साखळी तुटत नाही. आता शेवटच्याच्या मागे कुणीच नसतं, तेव्हा तिथे बसवायला एक भला माणूस लागतो. या टोळीतला तो भला माणूस म्हणजे शेपूटराव.

खरं नाव त्यांच्या घरी आणि कामावर ठाऊक होतं. टोळीत मात्र पहिल्या वर्षीच कुणीतरी थट्टेत शेपूटराव म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारे. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतल्या माणसाशी दाराच्या फटीतून बोलत राहायचं आणि हात कामात ठेवायचे, यात त्यांचा जन्म गेला. "मी इथेच आहे, दार ओढू नका, खाली बसा," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की ते झोपेतही म्हणतात, असं त्यांची बायको सांगायची. असा माणूस शेवटच्या गाडीत बसवला तर तो तिथेच राहणार, यात नवल ते काय?

शेवटच्या गाडीत सगळ्यांचं सामान. फावडी, दोर, फळ्या, हवा भरायचा पंप, जास्तीची चाकं आणि ज्याच्या त्याच्या नव्या गाडीत मावत नाहीत अशा पिशव्या. मागचं दार उघडलं की काहीतरी पायावर पडणारच. वाटेत कुणी टाकलेले कागद, बाटल्या उचलायच्या, फाटकं लावायची, गुरं आडवी आली तर हॉर्न न वाजवता ती जाईपर्यंत थांबायचं, हे सगळं शेपूटरावच करायचे. त्यामुळे मुक्कामी ते पोहोचायचे तेव्हा बाकीच्यांचा चहा होऊन गेलेला असायचा. उशीर हा त्यांच्या जागेचाच भाग झाला होता. त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि तेही कधी सांगत नव्हते.

बायको कधी त्यांच्याबरोबर आली नव्हती. यंदा लेकीचं लग्न होऊन घर रिकामं झालं आणि एके दिवशी ताट पुढ्यात सरकवत ती म्हणाली, "मी येते या खेपेला. पण एक अट आहे."

"बोल ना."

"मी सगळ्यांच्या मागे धूळ खात बसणार नाही. अहो, घरच्या फोटोत तुम्ही मागे, मुलीच्या लग्नात पंगती उठेपर्यंत तुम्ही मागे. लिफ्टमध्येसुद्धा आधी सगळ्यांना चढवता आणि स्वतः जिन्याने जाता. एक दिवस मला पुढे घेऊन चला. अगदी पहिले नाही म्हणत मी. मध्ये कुठेतरी. तुम्ही कुणाच्या तरी पुढे असलेले मला बघायचंय."

शेपूटरावांनी शब्द दिला. दिला तेव्हा मनापासून दिला. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून तसं वाटणार नाही.

ठरल्या दिवशी सकाळी, डांबरी रस्ता संपतो तिथे, माती नीट धरावी म्हणून सगळे चाकांतली हवा कमी करत होते. टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे कप्तान म्हणत आणि ज्याचं टायरचं दुकान होतं, त्याला शेपूटरावांनी बाजूला घेतलं. आज मला मधली जागा दे, बायको आहे बरोबर, एवढंच म्हणाले. कप्तानाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "अरे, वहिनी आल्यात म्हणून तर तू शेवटी हवास! मागे तू आहेस म्हणून आम्ही पुढे मोकळ्या मनाने जातो. तुझ्यासारखा दुसरा माणूस दाखव मला, आत्ता देतो त्याला." शेजारी दाताचे डॉक्टर उभे होते. तेही म्हणाले, "शेपूटराव म्हणजे आपला विमा आहे." हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच, आणि शेपूटराव चढले. गाडीत येऊन ते बायकोशेजारी बसले. एकेक गाडी निघून गेली, डॉक्टरांची गेली, तेव्हा तिने रुमाल काढला आणि नाकाला लावला.

दुपार कलल्यावर एक घळ आली. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट आणि शेवटाला ओला चढ. डॉक्टर मध्येच अडकले. खाली उतरून बघावं, मदत मागावी, तर नाही. त्यांनी पाय दाबला आणि चाकं अशी फिरवली की चिखल काठावर उडाला. गाडी एकदाची वर गेली, मागे गुडघाभर खड्डा ठेवून. चढ संपल्यावर मागचा वर येईपर्यंत थांबायचं असतं. डॉक्टर थांबले नाहीत.

शेपूटराव उतरले असते, फळ्या टाकून खड्डा भरला असता. पण आधीच उशीर झाला होता, शेजारी बायको होती, आणि त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपणही जरा झपाट्याने जावं. गाडी खड्ड्यात गेली, सामानाच्या भाराने मागून घसरली, कलंडली आणि काठाला टेकून घट्ट बसली. डावं दार मातीला, उजवं दारही मातीला. काचा खाली घेतल्या तर बाहेर बोटभर अंतरावर मुळं लोंबणारा काठ. मागचं दार? तिथे टोळीचं सामान छपरापर्यंत. आणि फावडी त्या ढिगाच्या तळाशी.

"आता?" बायको म्हणाली.

"आता काही नाही. येतील."

प्रत्येक गाडीत वायरलेस सेट होता, त्यावर शेपूटराव बोलले. उत्तर नाही. पुन्हा बोलले. बाकीच्यांचे सेट दणकट होते आणि ते वरच्या पठारावर होते, त्यामुळे त्यांचे आवाज घळीत पोहोचत होते. यांचा काही वर जात नव्हता. मग त्यांनी ऐकत बसायचं ठरवलं, दुसरं होतं तरी काय! थोड्या वेळाने खरखरीतून कप्तानाचा आवाज आला, "शेपूट दिसतंय का रे कुणाला?"

डॉक्टर म्हणाले, "येईल हो. फाटक लावत असेल."

मग हसू. मग कुणाच्या तरी थर्मासची गोष्ट. मग गाण्यांची फर्माईश.

बायको त्यांच्याकडे बघत होती. शेपूटरावांनी सेटचा आवाज कमी केला आणि लगेच पुन्हा वाढवला, कारण हाक आली तर? गाडी सुटेल की नाही याची भीती नव्हती, गाड्या सुटतात. आयुष्यभर दाराच्या बाहेर उभं राहून त्यांनी लोकांना धीर दिला होता. आत बसल्यावर तो धीर किती तोकडा असतो ते आज कळत होतं. आपल्याला उशीर झालाय हे या माणसांना दिसतंय, आणि दिसूनही त्यांना काही वाटत नाहीये. त्यांच्या हिशेबी शेपूट म्हणजे उशिरा येणारी वस्तू. इतकी वर्षं चांगलं वागून आपण हेच कमावलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते स्वतःवरच चिडले.

"त्या काकांचं काय झालं होतं?" बायकोने मध्येच विचारलं. "तुम्ही सांगितलं होतं, लिफ्टमध्ये अडकलेले."

"ते रडायला लागले होते."

"मग?"

"मी सुटेपर्यंत बोलत राहिलो त्यांच्याशी."

"मग माझ्याशी बोला," ती म्हणाली. शेपूटराव म्हणाले, "चुकलं माझं सकाळी." तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. तो तिथेच राहू दिला.

उन्हं उतरता उतरता वर इंजिनांचे आवाज आले. कप्तान पुढे, बाकीचे त्याच्यामागे, डॉक्टर सगळ्यांत शेवटी. कप्तानाने स्वतःजवळचा दोर लावून गाडी वर ओढली. डॉक्टर पुढे येऊन काठाशी उभे होते. दार उघडल्याबरोबर त्यांनी विचारलं, "खालचं फाटक लावलंत ना?"

शेपूटराव हो म्हणाले.

पुढची वाट आता नकोच, असं कप्तानाने ठरवलं. घळीच्या वरच्या तोंडाशीच एक वाट खाली डांबरी रस्त्याला उतरत होती आणि सगळ्या गाड्यांची तोंडं तिकडेच होती. वर ओढून काढलेली शेपूटरावांची गाडी त्या वाटेवर सगळ्यांत पुढे उभी राहिली. कुणी ठरवलं नव्हतं, जागाच तशी होती. त्यांच्यासमोर स्वच्छ उतार, एका चाकाचीही धूळ नाही. बायकोने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि काच पूर्ण खाली केली. "किती छान दिसतंय हो," ती म्हणाली.

सेटवर कप्तान म्हणाला, "चला. पुढे आज शेपूटराव. शेवटी कोण?"

कुणी बोललं नाही.

"डॉक्टर, तुम्हीच आहात मागे."

"अहो, माझ्या सेटची बॅटरी उतरलीय. आणि अंधार पडला की मला नीट दिसत नाही."

सगळी इंजिनं चालू आणि एकही गाडी हलत नव्हती. शेवटचा ठरल्याशिवाय पहिल्याने निघायचं नाही, हाही नियमच. सगळे मूग गिळून कशाची वाट बघतायत हे शेपूटरावांना कळत होतं. बायकोलाही कळत होतं. तिने मान हलवली. नाही, एवढंच. आपण फक्त गप्प बसायचंय, कुणीतरी बोलेल, डॉक्टरांना बोलावंच लागेल, हे त्यांना समजत होतं. अंधार पडायला आला होता. मागच्या एखाद्या नवख्याची गाडी उतारावर अडकली तर? त्यांचा अंगठा बटणावर गेला.

"मी राहतो शेवटी," शेपूटराव म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

सेटवर एकदम तीन-चार जणांचे आभार आले. त्यांनी गाडी वाटेच्या कडेला घेतली. कप्तानाची गाडी शेजारी आली तशी बायकोने दार उघडलं आणि हात वर केला. कप्तान थांबला.

"मी यांच्याबरोबर पुढे जाते," ती नवऱ्याला म्हणाली. आवाजात राग नव्हता, शेपूटरावांना तो असता तर बरं वाटलं असतं. "तुम्ही या सगळ्यांना घेऊन."

ती कप्तानाच्या शेजारी बसली. तिने दार ओढून घेतलं आणि ती गाडी निघाली. मागून एकेक जण हात हलवत गेला. डॉक्टर गेले. शेपूटरावांनी दिवे लावले आणि त्यांच्यामागे निघाले. बायकोच्या बाजूची काच उघडीच राहिली होती, तिथून धूळ आत येत होती. ती लावायला गाडी थांबवावी लागली असती, आणि तेवढ्यात डॉक्टरांच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे झाले असते. ते थांबले नाहीत.