न खेळलेल्या खेळांचे सल्ले

आता जे सांगणार आहे त्यातलं किती खरंच घडलं आणि किती माझ्या डोक्यात नंतर जमा झालं, हे मला नीट सांगता येणार नाही. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, त्यात प्रबंध लिहिला, आणि आता सकाळची गोळी घेतली की नाही हे पाकीट उघडून बघावं लागतं. पण रोज एकाच दुकानात बसणाऱ्याकडे किस्से साचतातच. पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही.

दुकान मेहकरच्या स्टँडजवळ. टीव्ही, फ्रिज, कूलर, मोबाईल. मालक किशोरशेठ माझा जुना विद्यार्थी, म्हणून दुपारी मला तिथं खुर्ची असे. एकदा डीलरनं टीव्हीच्या मालासोबत व्हिडिओ गेमची मशीनं आणि गेमचे डबे शेठच्या गळ्यात मारले. तो काउंटर सुधाकरकडे आला.

सुधाकर बीबी गावचा, चाळिशी ओलांडलेला. आधी तिथल्या कृषी केंद्रात बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचा. ते केंद्र बंद पडलं, पाठोपाठ त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. शेठचा नियम एकच: "डबा परत आला का सुधाकर गोडाऊनले." गोडाऊन म्हणजे फ्रिज उचलणं.

तू गेम कधी खेळलायस का, असं मी त्याला विचारलं होतं.

"तिथं तरी कुठं औषध पिऊन पाह्यत होतो, सर?" तो म्हणाला.

* * *

गेमच्या डब्यावर वयाचा आकडा असतो, हे मला फार उशिरा कळलं. लहान मुलांचा आकडा हिरव्या चौकोनात, मोठ्यांचा अठरा लाल चौकोनात. सुधाकरला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं, रंग मात्र ओळखीचे होते. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो: हिरवा सौम्य, लाल जहाल.

एक शिक्षिका तिसरीतल्या मुलासाठी गेम घ्यायला आल्या. त्यांनी हिरवा उचलला होता.

"हिरव्यात दम नसते मॅडम," सुधाकर म्हणाला. "लाल न्या. एका डोसात रिझल्ट."

आठवड्यानं बाई संतापून आल्या. पहिल्याच मिनिटाला मुंडकं उडतं, पोरगा रात्री अंथरूण ओलं करतो, वगैरे. सुधाकरचा हात आपोआप पोटावरच्या टाक्यांकडे गेला. शेठनं शांतपणे विचारलं, डबा कुठाय?

डबा आणला नव्हता. त्यांचे मिस्टर तो सोडायला तयार नव्हते.

* * *

ज्याच्या घरी इंटरनेट नसेल त्याला सुधाकर कोरडवाहू म्हणायचा. अशाच एका कोरडवाहू माणसाला त्यानं नेमका नेटवरच चालणारा गेम दिला. तो माणूस तक्रार घेऊन आला: पडद्यावर एक चकरी फिरते, पुढं काहीच नाही.

"धीर धरा ना भाऊ. उगवाले टाइम लागते."

माणूस मान हलवून गेला. त्यानं खरंच वाट पाहिली. कंटाळून शेवटी घरी नेट घेतलं, तेही शेठच्याच मेहुण्याकडून. त्या दिवशी शेठनं सुधाकरला चहा पाजला.

* * *

एकदा एका गिऱ्हाईकाला सुधाकरचा भरवसा वाटेना. तो माझ्याकडे वळला. "सर, तुम्हीच सांगा. शिकेल माणूस हाव तुम्ही."

मी डबा दोन्ही बाजूंनी पाहिला. नीट विचार केला. पुराव्याशिवाय याबद्दल कुठलंही विधान करणं योग्य होणार नाही, असं म्हणालो. गिऱ्हाईकानं डबा हळूच काउंटरवर ठेवला आणि निघून गेला.

शेठ थोड्या वेळानं म्हणाला, "सर, खुर्ची कूलरपाशी टाकू का? तिथं हवा चांगली लागते."

* * *

मग एक डबा खरोखरच परत आला. कुणाचा होता, आठवत नाही. शेठनं गोडाऊनकडे बोट केलं. सुधाकर गेला. वॉशिंग मशीनचं एक टोक त्यानं उचललं आणि पोट धरून खाली बसला. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाणी प्यायला, आणि म्हणाला, "सर, शेठले नका सांगू. घरी पाठोतीन."

शेठला ते दिसलंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुधाकरला पुन्हा काउंटरवर उभं केलं. ही शेवटची वेळ, असंही बजावलं.

भ्यालेला माणूस गप्प होतो, असा माझा अंदाज होता. सुधाकरची मतं उलट आणखी ठाम झाली. रस्त्यापलीकडून कुणी पिशवी घेऊन येताना दिसलं की तो टीव्हीमागे जायचा. पिशवीत बहुतेक वेळा दोडके असायचे.

* * *

आता हा शेवटचा.

एक भाजीवाला शेतकरी आला. वांगी-टमाट्यांचे क्रेट बाजारात उतरवून सरळ दुकानात, हाताला माती तशीच. बायको वारलेली. घरी तो आणि दहावीतला मुलगा. आई गेल्यापासून मुलगा खोलीच्या बाहेर येत नव्हता. ताट उंबऱ्यावर ठेवावं लागे. बापाशी एक शब्द नाही. शाळेत जाणंही सुटलं होतं. मुलानं कधीतरी आईजवळ गेमचं मशीन मागितलं होतं, एवढंच बापाला माहीत होतं.

सुधाकरनं मशीन काढलं. स्कीममध्ये हातात धरून खेळायचं दुसरं रिमोट फुकट होतं, तेही बांधलं. मग एक डबा निवडला. डब्यावर दोन आकृत्या होत्या, एकमेकांना दोरीनं बांधलेल्या.

बाप बराच वेळ ते चित्र बघत होता. "भाऊ, हे तं दोघं हायेत. एकट्याले खेळता येते ना? त्याच्याजवळ कोणी बसत नाही. अन् मले यातलं काही समजत नाही."

सुधाकरनं एकदा शेठकडे पाहिलं. "एकट्याचाच हाय. दुसरा आपोआप चालते."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? रोज विकून राह्यलो."

तो गेल्यावर मी सुधाकरला हळूच विचारलं, तुला हे कशावरून माहीत? तो म्हणाला, कशावरूनच नाही. आणि चुकीचं निघालं तर? तो गोडाऊनच्या दाराकडे बघत राहिला.

नंतर प्रत्येक बाजाराला आम्ही दोघं त्या माणसाची वाट पाहायचो, येऊ नये म्हणून. तो पलीकडे क्रेट उतरवताना दिसायचा. दुकानात यायचा नाही. मुलाचं काय झालं, हे विचारायला जावं असं मला वाटायचं. मी खुर्चीतच बसून राहायचो.

थंडीत एक दिवस तो रस्ता ओलांडून आला, हातात पिशवी. पिशवीत दोडके नव्हते. सुधाकरचा हात पोटावर गेला.

बापानं पिशवीतून फक्त एक रिमोट काढलं. बटणाच्या फटीत माती जाऊन घट्ट बसली होती.

"याचं बटन दबत नाही. दुसरं द्या."

"अन् गेम?" सुधाकरनं विचारलं.

"गेम घरी हाय."

"म्हंजे चालते ना? दुसरा, आपोआप?"

सुधाकरकडे त्यानं नीट पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "चालते आपोआप."

नवं रिमोट घेऊन तो गेला. सुधाकर स्टुलावर बसला. मला वाटलं, चला, याचं एक तरी मत खरं निघालं.

त्याला बरीच वर्षं झाली. काउंटर केव्हाच बंद झाला. गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली होती. दोरीनं बांधलेल्या दोन आकृत्यांचं चित्र मी तिला जमेल तसं सांगितलं. माझ्या आठवणीवर माझा विश्वास नसल्यानं दोनदा सांगितलं. तिनं तो गेम ओळखला. खेळलेला होता. मग तिच्या मोबाईलवर आम्ही खात्रीही करून घेतली.

तो गेम एकट्याला सुरूच होत नाही. दुसरं रिमोट कुणीतरी हातात घेऊन बटण दाबेपर्यंत पहिलं चित्र तिथंच थांबून राहतं.