मुदत संपलेली उसनवारी

वकिलाच्या ऑफिसात पक्षकार फी उशिरा देतात, किस्से मात्र रोख देतात! सांगलीत मी एका दिवाणी वकिलांकडे मराठी टायपिस्ट होते, तेव्हाचे हे. दाव्याचे कागद निकालानंतर गठ्ठ्यात बांधून माळ्यावर जातात. किस्से जात नाहीत. भाजी निवडताना, लेकीला, चिमीला भरवताना मध्येच आठवतात आणि मी एकटीच हसते. सासूबाईंना वाटायचं, सुनेला काहीतरी झालंय.

आमचे निम्मे दावे उसनवारीचे. हातउसने पैसे दिले आणि तीन वर्षांत दावा लावला नाही, की मुदत संपली. मग कोर्ट ऐकून घेत नाही. हे वाक्य टाइप करताना दर वेळी माझी एक तरी चूक व्हायची. कारण मी साताऱ्याला कॉलेजात असताना माझ्या फीसाठी वडिलांनी गल्लीतल्या हमीदचाचा टेलरकडून तीनशे रुपये घेतले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. म्हणजे, दारात मी उभी होते. वडील पुढच्याच वर्षी गेले. त्या उसनवारीला अकरा वर्षं झाली होती आणि पोस्टात माझे तीनशे दहा रुपये साठले होते. गॅसच्या शेगडीसाठी. आमचा स्टोव्ह जमिनीवर, आणि चिमी नुकती रांगायला लागलेली!

*

इस्लामपूरकडचे एक रिटायर्ड मास्तर आले. व्याह्याला आठशे रुपये दिलेले, मुदत संपून महिना झालेला.

"इतके दिवस गप्प का बसलात?" साहेबांनी विचारलं.

"आवं, लेकीचा सासरा त्यो. मागायचं कसं? दर दिवाळीला करंज्यांचा डबा धाडतोय."

साहेब एकदम सावरून बसले. कर्ज घेणाऱ्याने मुदतीच्या आत 'देणं आहे' असं लिहून सही केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. "डब्याबरोबर चिठ्ठी असते का?"

"असती की! सहीसकट हाय."

पिशवीतून चिठ्ठी निघाली. साहेबांनी मोठ्याने वाचली, "'यंदा करंज्या जरा कडक झाल्या आहेत. सांभाळून घ्यावे.'"

आमचे कारकून यादवअण्णा मान खाली घालून म्हणाले, "तीन वर्सं सांभाळूनच घेतलंय की!"

*

याच्या उलट एक हवालदार. फौजेतून नुकतेच सुटलेले, मिशा अजून ड्युटीवर. यांच्यावर मित्राने पाचशेचा दावा लावलेला.

"पाच वर्सं झाली सायेब. मुदत खलास. मी सुटलो!"

साहेबांनी समोरच्या पार्टीचे कागद चाळले. त्यात हवालदारांनीच बॉर्डरवरून धाडलेलं पोस्टकार्ड होतं. अडीच वर्षांपूर्वीचं, म्हणजे मुदत संपायच्या आतलं. 'तुझे पाचशे देणे हाय, पण एक पैसा देणार न्हाई. काय करायचे ते कर.' खाली सही, हुद्दा, तारीख. फौजेची शिस्त!

"हवालदार, 'देणार नाही' लिहिलं तरी बिघडत नाही हो. 'देणे आहे' हे तुम्ही कबूल केलंत!"

"कबूल कुठलं? मी त्याला शिवी हासडली हुती!"

"सहीनिशी हासडलीत," साहेब म्हणाले.

*

आता माझा पराक्रम. त्या दिवशी चिमीला ताप होता. तिला सासूबाईंजवळ ठेवून आले, पण बोटं मशीनवर आणि जीव घरी. कोर्टात जायच्या अर्जात मी 'मुदतबाह्य कर्ज' ऐवजी 'मुदतबाळ कर्ज' टाइप केलं. एकदा नाही, चार वेळा.

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, घरी जा. हे बाळ आम्ही बघतो."

*

शेवटी मी धीर करून साहेबांना विचारलं. सरळ नाही; मी शिकलेली आहे ना! म्हटलं, "माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिच्या वडिलांनी अकरा वर्षांपूर्वी—"

"ती ओळखीची बाई तुमच्याच डब्यातलं जेवती का?" यादवअण्णांनी विचारलं.

साहेबांनी त्यांना गप्प केलं आणि मला नीट सांगितलं. कायद्याने दावा मरतो, देणं मरत नाही. मागणाऱ्याला मागता येत नाही, पण देणाऱ्याला देता येतं. आणि वारसावर बोजा पडतो तोसुद्धा मिळालेल्या इस्टेटीपुरताच.

"त्या बाईला वडिलांकडून काय मिळालं?"

"शिक्षण."

साहेबांनी पेन्सिल कानावर अडकवली. म्हणाले, "त्यावर जप्ती आणता येत नाही."

मोठी सुटका झाली म्हणायची! घरी येईपर्यंत मला रडू आवरेना.

*

त्याच आठवड्यात ऑफिसात एक तिढा आला. तासगावच्या एका पोराने आजोबांचं पंचवीस वर्षांचं थकलेलं देणं फेडायचं ठरवलं आणि ज्यांना द्यायचं तेच म्हातारबा घेईनात. दोघांना घेऊन गावचे पंच आमच्याकडे.

"आबा, घ्या की. देतोय तर," साहेब म्हणाले.

"न्हाई घेणार! ह्याच्या आज्याला मी पंचवीस वर्सं शिव्या घालतोय. पैसं घेतलं तर उद्यापासनं पारावर बसून बोलू काय?"

पोरगं बिचारं हात जोडून म्हणालं, "आबा, शिव्या चालू ठेवा. पैसं तेवढं घ्या."

म्हातारबांनी साहेबांकडे बघून विचारलं, "ह्ये कायद्यात बसतंय का?"

*

घरी हे म्हणाले, "कायदा तुझ्या बाजूने आहे आणि तरी तुला झोप नाही. लोक याच बाजूसाठी वकील लावतात!"

"आणि शेगडी?" मी विचारलं. खरं तर मला त्यांनी 'शेगडीच आण' म्हणायला हवं होतं. म्हणजे मी त्यांना दोष देऊन मोकळी झाले असते.

सासूबाईंनी लोखंडी ट्रंक ओढली, भिंतीला टेकवली, वर स्टोव्ह ठेवला. "आता चिमीचा हात पोहोचत नाही. जा, जाऊन ये."

*

चिमीला कडेवर घेऊन मी साताऱ्याला गेले. हमीदचाचा मशीनवर ब्लाउज शिवत होते. मला ओळखलं, चिमीचा गालगुच्चा घेतला, आणि नोटा पुढे केल्याबरोबर हात मागे घेतला.

"कसलं पैसं? तुझ्या बापानं माझ्याकडनं कदी काय घेतलं न्हाई."

"चाचा, मी दारात उभी होते."

"मग तू सपान बघितलंस. ठेव ते. लेकराला फ्रॉक घे."

मी हट्टाला पेटले. साहेबांसारखा आवाज काढून सगळा कायदा सांगितला. म्हटलं, "तीन वर्षं झाली की तुम्हाला मागता येत नाही, विचारतासुद्धा येत नाही. पण मला देता येतं!"

चाचा हसत राहिले, पायाने मशीन चालवत राहिले. तेवढ्यात पडद्याआडून चाचीचा आवाज आला.

"तीनशे न्हवं पोरी, साडेतीनशे! तुझ्या आईला पन्नास मी येगळं दिल्तं, ह्यांच्या पैशाच्या डब्यातनं, ह्यांना न सांगता."

मशीन थांबलं. चाचांनी पडद्याकडे मान वळवली.

"माझ्या डब्यातनं? कवा?"

"तीन वर्सं झाली की इचारायचं न्हाई!" चाची म्हणाली. "आत्ताच सांगितलं की पोरीनं."