आमची पाच नावं

वाल काढायला मी मुरबाडकडं लेकीच्या गावी गेलो होतो. दुपारी आंब्याखाली जरा टेकलो, तर जावयानं मोबाइल पुढं धरला. "मामा, हे तुमचे भास्करभाऊ नं?" फोटोला फुलांची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. भाऊंच्या अंगावर शाल होती. त्या फोटोत त्यांच्या डाव्या हाताला अर्धा कापलेला एक खांदा दिसतो. तो माझा. शहापूरच्या एका वाचनालयात त्यांचा सत्कार झाला होता, तेव्हाचा फोटो, आणि तो काढल्यावर तासाभरात आमचं कायमचं तुटलं... शेंगा तशाच टाकल्या, पंचा झटकला आणि शहापूरची एसटी धरली. भाऊंच्या गावी, सापगावला पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. कुणी तरी म्हणालं, "काळूदादा, उशीर केलास." दोन वर्षं केला होता, त्यात आणखी दोन तास.

लोक सांगतात, भाऊ अलीकडं तब्येतीमुळं लिहीत नव्हते. ते खोटं आहे. माझ्यामुळं नवं काही लिहीत नव्हते. हे कुठं तरी लिहिलेलं राहावं, एवढ्यासाठी हा कागद लिहवून घेतोय.

भाऊ भातसानगरला धरणावर नोकरीला होते. रोज सकाळी पाणी कितव्या खुणेवर आहे ते बघायचं आणि वहीत उतरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वही तीच राहिली, आत गोष्टी आल्या. सगळ्या महाभारतातल्या, पण महाभारतात नसलेल्या. भाऊ म्हणायचे, "मोठ्यांचं सगळं लिहून झालंय रे काळू. कोपऱ्यात उभं असलेल्यांचं राहिलंय." विराटाच्या घरी भीम आचारी म्हणून राहिला, हे सगळ्यांना ठाऊक. मग तिथं आधी जो आचारी होता तो कुठं गेला? त्याच्या पोटाचं काय? ही भाऊंची पहिली गोष्ट. ती एका दिवाळी अंकात छापून आली तेव्हा त्यांनी अंक घेऊन ओढा ओलांडला, आमच्या वाडीत आले आणि माझ्या अंगणात बसून मोठ्यानं वाचली.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण महाभारत मला तोंडपाठ होतं. लहानपणी श्रावणात गावच्या देवळात पोथी लागायची, आमी वाडीतली पोरं बाहेर वळचणीला बसून ऐकायचो. आत बसायची रीत नव्हती. पुढं वीटभट्टीवर गेलो, तेव्हा तीच पोथी मी माझ्या पद्धतीनं माणसांना सांगायचो. माझा भीम भाताच्या आवणात चिखल करायचा आणि द्रौपदी लावणीला वाकायची. भाऊ हसायचे. "व्यासांनी असं कुठंच लिहिलेलं नाही." मी म्हणायचो, "व्यास आमच्या वाडीत कदी आलावता? आला असता तर लिवलं असतं." भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटे. तरी ते मला अरे काळू म्हणायचे आणि मी त्यांना अहो भाऊ. वर्षाला त्यांचं कुंपण मीच घालायचो. तेव्हा सुमनवहिनी जेवायला वाढायच्या. सुरुवातीला ओटीच्या खाली, मग ओटीवर, आणि शेवटची दहाएक वर्षं आत, भाऊंच्या शेजारी पाट मांडून. हे भाऊंनी केलं. घरातल्या थोरल्यांचा राग सोसून केलं. तेही लिहायला हवं.

अशाच एका जेवणावर ती गोष्ट निघाली. लाक्षागृहाची. लाखेचं घर, त्यात पांडवांना जाळायचा बेत. त्यांना तो आधीच कळलेला, पण नुसतं पळून गेलं तर शोध होणार. त्या दिवशी कुंतीनं अन्नदान घातलं. रानातली एक बाई पाच पोरगे घेऊन जेवायला आली, पोटभर खाल्लं, दारू प्याली, आणि तिथंच निजली. पांडव घर पेटवून भुयारातून निघून गेले. सकाळी राखेत सहा माणसं सापडली, लोकांनी पांडव आणि कुंती म्हणून त्यांना रडून घेतलं... भाऊंचा घास हातात राहिला. म्हणाले, "काळू, त्या पाच जणांची नावं कुणी लिहिली नाहीत रे. काय असतील?" मी बिरड्यात भाकर बुडवत होतो. म्हटलं, "रानातल्यांची नावं काय असनार? लिवा. सोमा, मंगळ्या, बुध्या, काळू, लहान्या." आमी पाच भाऊ, त्यांची नावं. चार केव्हाच गेले, मी एकटा उरलेला. भाऊंनी उष्ट्या हातानं पेन घेतलं. वहिनी ओरडल्या, "अहो, हात तरी धुवा!" आमी तिघंही हसलो. आईचं नाव भाऊंनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वाचनालयात भाऊंनी तीच गोष्ट वाचली. मला गाडी करून नेलं होतं, पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. गोष्ट फार चांगली होती. तेच वाईट झालं. लहान्या झोपेत पाय झाडायचा, हे मी कधी तरी बोललो असेन, तेही त्यात होतं. आई मंगळ्याच्या तोंडात शेवटचा घास कोंबते, तेही होतं. आणि मग लाखेच्या कुडाला आग लागली. लोक रुमाल काढून डोळे पुसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी भाऊंना अरेतुरे केलं. म्हटलं, "भास्कर, तू पन कुंतीच की रे! जेवाय घालून माझे भाऊ नेलेस आनि जाळलेस. या लोकांच्या टाळ्यांपाई." भाऊ एवढंच म्हणाले, "काळू, नावं तूच दिलीस." खरं होतं ते. म्हणून तर जास्त लागलं. मी पायी वाडीवर आलो.

त्यानंतर भाऊंनी निरोप पाठवले. कुंपणाचं निमित्त, कधी गावदेवाच्या जत्रेचं. शेवटी सरळच, जेवायला ये. मी दर वेळी एकच निरोप उलटा धाडला, "सांगा त्यांना, मी जेवलोय." घरात तांदूळ नसले तरी हेच. आपलं चुकलं नाही असं मला वाटत होतं. अजूनही पुरतं चुकलं असं वाटत नाही. पण एक जिवंत माणूस ओढ्यापलीकडं वाट बघतोय आणि आपण कुणाच्या बाजूनं भांडतोय, तर चार मेलेल्यांच्या... हा हिशेब मला तेव्हा जमला नाही.

उरलेले वाल काढायला पुन्हा लेकीकडं गेलो होतो, तिथूनच तेराव्याला आलो. पंगत बसली होती. सुमनवहिनी पुढं आल्या. "काळूदादा, पान मांडू?" त्या दिवशी मी मुरबाडहून सकाळी पाण्याच्या घोटावर निघालो होतो. आणि तोंडातून निघालं, "जेवून आलोय." वहिनी आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. "तुमच्या नावानं ठेवलीय. त्या दिवसापासून ह्यांनी ही एवढीच गोष्ट धरली होती. लिहायचे, फाडायचे."

ती मी आठ दिवस अक्षर अक्षर लावत वाचली. गोष्ट तीच होती, पण आग नव्हती. कुंती दारात उभी राहून त्या बाईला हाक मारते, "ये गो, पोरांना घेऊन आत ये, पान वाढलंय." आणि ती बाई ताठ मानेनं म्हणते, "आमी जेवून आलोय." पाची पोरांना घेऊन मागं फिरते. सोमा, मंगळ्या, बुध्या, काळू, लहान्या. सगळे उपाशी, सगळे जिते. माझा उर्मट निरोप भाऊंनी तिच्या तोंडी घातला होता. तेवढ्यानं ती आम्हाला वाचवत होती. त्याच्याखाली अर्धं पान मोकळं, आणि मग एकच ओळ. "मग त्या रात्री तिथं कोण निजलं?" पुढं काही नाही. पुढची पानं फाडलेली.

उत्तर मला ठाऊक आहे. रानातल्या कुणालाही ठाऊक असतं. आमी मागं फिरलो तर आमच्या मागून दुसरी बाई येते. तीही पोरं घेऊनच येते, तिला आमच्याहून जास्त भूक लागलेली असते, आणि तिच्या पोरांची नावं कुणी विचारलेली नसतात. लाखेचं घर मोकळं राहत नाही. हे मी भाऊंना जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट पुरी झाली असती. नाही तर दोघांनी मिळून ती वही ओढ्यात टाकली असती. काहीही झालं असतं तरी आमी एका पानावर बसलो असतो.

वही माझ्या घरी आढ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली आहे. वहिनींचा परवा पुन्हा निरोप आला, कुंपण पडलंय, घालायला या आणि दोन घास खाऊन जा. मी माणूस पाठवून कुंपण घालून घेतलं. आणि सांगितलं, जेवलोय म्हणावं.