ती विहीर आधी नव्हती

माझे सासरे मला ट्रॅक्टरची चावी देत नाहीत. त्यांचा ट्रॅक्टर माझा मेहुणा चालवतो, गडी चालवतो, वेळ पडली तर शेजारचे सत्तरीतले आजोबाही चालवतात. चावी मिळत नाही ती फक्त मला.

गेल्या दिवाळीत उजनीकाठच्या त्यांच्या रानात मी हौसेने ट्रॅक्टरवर बसलो आणि केळीची अकरा झाडं आडवी केली. (बारावं आधीपासूनच वाकलेलं होतं, असं माझं आजही म्हणणं आहे.) पाडव्याला जावयाच्या ताटात कच्च्या केळ्याची भाजी आली, भाऊबीजेलाही तीच! तेव्हापासून चावी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बंडीच्या आतल्या खिशात असते. मला ती काहीही करून मिळवायची होती. सासुरवाडीत माणसाला अब्रू म्हणून काही असते की नाही?

मग मी सराव सुरू केला. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आहे. त्यावर शेतीचा गेम टाकला. नांगरट, पेरणी, ट्रॅक्टर, सगळं होतं त्यात. पण ट्रॅक्टर चालायचा नाही, उड्या मारायचा! वळवायला बटण दाबावं, तर तो चहा पिऊन आल्यासारखा सावकाश वळायचा. कॉम्प्युटर तर असा तापायचा, की घरातला एकुलता एक कूलर मी त्याच्याकडे फिरवला. बाहेर सोलापूरचा मे महिना चालू होता.

बायको वैशाली शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिसऱ्या दिवशी तिने घाम पुसत मला खुर्चीवरून उठवलं आणि सेटिंग उघडली.

"अहो, मशीन जुनं आहे. त्याला झेपत नाही ते काढून टाकू. सावल्या कशाला हव्यात?"

"काढ."

"गवत?"

"काढ!"

"लांबचं दिसायचं अंतर कमी करू? मग वस्तू जवळ गेल्यावरच दिसतील हं."

"सगळ्यात कमी कर! आणि कूलर तुझ्याकडे घे."

ट्रॅक्टर असा सुळसुळ पळायला लागला म्हणता! त्याच आनंदात मी मामांना फोन लावला, "रविवारी या. आणि चावी घेऊनच या!"

मामा आले. माझ्याकडे बघत पिशवीतून केळी काढली, चष्मा चढवला आणि माझ्यामागे खुर्ची ओढून बसले.

"पाव्हणं, ह्या झाडाची सावली कुटंय?"

"काढली, मामा."

"आन् बांधावरचं गवत?"

"तेही काढलं."

"मग गुरं काय खात्यात?"

"मामा, मशीन कमजोर असलं की नको ते सगळं काढून टाकायचं. म्हणजे ते नीट चालतं."

"आस्सं! मग ऊस कुटं हाय?"

"जवळ गेल्यावर येतो."

"ऊस येतो? चालत?"

वैशाली तोंडावर ओढणी दाबून स्वयंपाकघरात पळाली. मी तिकडे दुर्लक्ष केलं. नांगराचा माझा तास अगदी सरळ पडत होता! मामांचा हात बंडीच्या खिशात गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. चावी निम्मी बाहेर आली होती. मी अजून वेग वाढवला, आणि चार हातांवर अचानक एक विहीर उगवली!

ट्रॅक्टर विहिरीत गेला आणि चावी खिशात.

"ती विहीर आधी नव्हती, मामा!" मी ओरडलो.

"दिवाळीला केळी बी नव्हत्या व्हय?"

जेवताना मामांनी वैशालीला ते सेटिंगचं सगळं पुन्हा समजावून सांगायला लावलं. आणि पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "पाव्हणं, या. चावी देतो."

मी वैशालीला घेऊन गेलो, तर अंगण ओळखू येईना. शेळ्या गोठ्यात, कोंबड्या पाटीखाली, खाटा भिंतीला उभ्या, मोटारसायकली शेजाऱ्यांकडे. सासूबाईंची डब्यातली तुळससुद्धा उचलून ओट्यावर ठेवलेली!

"मामा, हे काय?"

"तुमीच शिकवलं की! मशीन कमजोर असलं की नको ते सगळं काढून टाकायचं."

"पण ट्रॅक्टर तर नवा आहे!"

"ट्रॅक्टरला कोण म्हणतंय?"

खरं सांगतो, तरीही मला भरून आलं. जावयाला एकदा ट्रॅक्टर चालवता यावा म्हणून अख्खं घर सकाळपासून राबलं होतं. मी चावी कपाळाला लावली आणि निघालो. पहिली फेरी झकास झाली! दुसऱ्या फेरीला सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला मी वैशालीला हात केला. अंगणात हलवता न येणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कडुनिंब. मी बरोबर त्यालाच गाठलं. कडुनिंबाला काही झालं नाही, ट्रॅक्टरचा एक दिवा तेवढा गेला. मामांनी शांतपणे हात पुढे केला आणि मी चावी त्यावर ठेवली.

आता मेहुणा ट्रॅक्टर काढायला लागला, की मामा मोठ्यांदा हाक देतात, "शेळ्या बांधा, खाटा उचला, पाव्हण्यांना ओट्यावर घ्या!" मग मी मुकाट्याने उठतो आणि तुळशीच्या डब्याशेजारी जाऊन बसतो.