कोणता डाव शिकू?

अमरावतीच्या साईनगरात दामिनी घरीच ब्लाउज शिवायची. तिचा नवरा विपुल औषध कंपनीत फिरतीवर होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या पोकर या पत्त्यांच्या खेळानं त्याला गिळून टाकलं. मारझोड नव्हती, शिवीगाळ नव्हती. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता. दामिनीनं समजावलं, रडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. तो अबोला विपुलच्या ध्यानातही आला नाही. हे तिला फार लागलं.

एका दुपारी मशीन थांबवून ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"मले शिकवा हा खेळ."

"काहून?"

"दुसरं काय करू? तुमी तिथंच रायता. मीबी येतो तिथं."

विपुलनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"यात लय प्रकार हायेत. कोणता शिकशीन?"

"तुमीच सांगा. मी तं नवी आहो."

मग तो बोलायला लागला. चार पत्त्यांच्या नादी लागू नको, दोन पत्त्यांचा डाव आधी शिक. मोठी टूर्नामेंट तासन्‌तास चालते, नवा माणूस कंटाळून चुका करतो. त्यापेक्षा सिट अँड गो बरा. सहा जण जमले की डाव सुरू, आपल्या चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या सोंगट्या, संपल्या की आपण बाहेर. तोही फुकटच्या चिप्सवरच खेळ. डॉक्टरांना औषध समजावताना त्याचा आवाज असाच लागायचा. दामिनीला निम्मंही कळत नव्हतं. पण हा थांबला तर पुन्हा कधी बोलेल, या धास्तीनं ती विचारतच राहिली.

"अन् ते कॅश टेबल?" हे नाव तिनं त्याच्या मोबाइलवर पाहिलं होतं.

"ते नको शिकू."

"काहून?"

"त्याले शेवटच नाई. चिप्स संपल्या की पैसे भरून पुन्हा घेता येतात. कोणी ऊठ म्हणत नाई. माणूस बसूनच रायते."

"तुमी कोणता खेळता?"

विपुल खाली पाहून म्हणाला, "मले उठता नाई येत, दामिनी."

तिनं त्याचा हात धरला. आतापर्यंत तिला वाटायचं, हा ऐकत नाही. याला जमतच नाही, हे तिला आज कळलं, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली.

तिची मामेबहीण आचल अकोल्यात नर्स होती. तिनं तिथल्याच, व्यसनं सोडवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. विपुल निमूटपणे गेला. गोळ्या घेतल्या, मोबाइल दामिनीच्या हवाली केला. थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी तो मित्राकडून परतला आणि दारातच उभा राहिला.

"पुन्हा बसलो होतो मी. त्याच्या मोबाइलवर."

दामिनी मशीनपाशी बसली होती. ती ओरडणार, तोच विपुल तिच्यासमोर टेकला.

"तू विचारायच्या आधी सांगतलं," तो म्हणाला. "एवढंच जमलं."

सकाळी दोघं पुन्हा अकोल्याच्या बसमध्ये बसले. तो बरा होईल की नाही, दामिनीला ठाऊक नव्हतं. बडनेरा मागे पडल्यावर विपुल आपणहून बोलायला लागला, आणि ती ऐकत राहिली.