मरून रंगाखालची निळी गाडी

निवृत्तीनंतर बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. कलमं आठवतात, चेहरे आठवत नाहीत. एका जुन्या गाडीचा तपास मात्र अजून रंगांसकट डोळ्यांपुढे येतो. दुपारी कधी डोळा लागला, की त्यातला फिकट निळा तुकडा दिसतो आणि जाग आल्यावरही थोडा वेळ तसाच राहतो.

तेव्हा मी नाशिक ग्रामीणमध्ये, महामार्गावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होतो, तोच चांदवडचा एक म्हातारा डेंटर-पेंटर दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत रंगाने माखलेले.

"तक्रार नाय साहेब, एक शंका हाय," तो म्हणाला. "लग्नाला भाड्यानं देत्यात ती मरून गाडी माझ्याकडं रंगाला आलीय. खालचं मॅटिंग काढलं, तर चेसी नंबराचा पत्राच कापून दुसरा जोडलेला. वेल्डिंग दिसतंय."

"मालकाला विचारलंत?"

"इचारलं असतं तर गाडी घेऊन गेला असता."

खबर देणारा माणूस सहसा कुणावर तरी चिडलेला असतो. हा चिडलेला नव्हता. त्याला फक्त तो जोड खटकत होता. अशा माणसाचं ऐकावं, हे मी नोकरीत शिकलो होतो. दोन पंच घेतले आणि त्याच्या शेडवर गेलो.

गाडी जुनी होती, पंचवीसेक वर्षांची. मालक आला, त्याने कागदपत्रं दाखवली. पत्र्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत होता, कारण कागद आणि पत्र्याचा तुकडा दोन्ही भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचे होते. इंजिनही बदललेलं. नंबर घासलेला असेल तर प्रयोगशाळा तो पुन्हा वर आणते, पण इथे तो भागच नाहीसा झाला होता. परिवहन कार्यालयाचे निरीक्षक गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "ही कोणाची, हे आता ही गाडीच सांगेल."

म्हातारा पेंटर बॉनेट उघडून उभाच होता. पुढच्या आडव्या दांडीवर दोन रिव्हेटांनी ठोकलेली एक बोटभर पत्र्याची पट्टी होती, तीही मरून रंगात बुडालेली. त्याने चिंधीवर थिनर घेतलं आणि हळूहळू पुसायला लागला. आधी पांढरा रंग वर आला, मग राखाडी, आणि मग अक्षरं. तीन ओळी, अक्षरं आणि आकडे एकत्र. धुक्यातून गाव दिसावं तशी ती एकेक करून दिसत गेली. नंबर बदलणाऱ्याला ही पट्टी म्हणजे निरुपयोगी पत्रा वाटला असणार.

तिचा अर्थ मात्र आमच्यापैकी कोणालाच लागेना. माझ्या हेड कॉन्स्टेबलांना सायखेड्याचे एक गृहस्थ माहीत होते. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून आता ते शेती बघत होते. आम्ही पट्टीचे फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो. घर गोदावरीच्या काठाशी. पाण्यावरून येणारं कोवळं ऊन ओसरीच्या भिंतीवर हलत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटोवर बोट ठेवून, पोथी वाचावी तसं, सावकाश वाचायला सुरुवात केली.

"पहिली ओळ मॉडेलची. दुसरीत हे दोन आकडे बाहेरच्या रंगाचे, त्यापुढची अक्षरं आतल्या सीटच्या कापडाची. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा फिकट निळी होती, साहेब. सीटा बदामी."

"आणि तिसरी ओळ?"

"ती ऑर्डरप्रमाणे जास्तीचं काय बसवलं त्याची." ते थांबले आणि हसले. "हीटर. कारखान्यातच बसवलेला. नाशिकच्या माणसाला हीटर कशाला लागतो?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. थंड पहाडी भागासाठी हीटर घातलेल्या गाड्यांची एक खेप निघाली होती. त्यातल्या काहींची मागणी रद्द झाली आणि त्या आपल्याकडच्या विक्रेत्यामार्फत विकल्या गेल्या. "निळा रंग, बदामी सीट आणि हीटर, अशा इकडे दोन-तीनच आल्या असतील. जुन्या नोंदवहीत रंग लिहिलेला असतो. तिथे शोधा."

हेड कॉन्स्टेबल चार दिवस परिवहन कार्यालयात जुन्या नोंदवह्यांत डोकं घालून बसले. त्या विक्रेत्याकडून त्या सुमारास गेलेल्या निळ्या गाड्या तीन निघाल्या. एक भंगारात गेलेली, एक मालकाच्या दारात उभी. तिसरी येवल्याच्या एका माणसाची. अकरा वर्षांपूर्वी तो त्या गाडीसकट बेपत्ता झाला होता.

त्याची बायको पैठणी विणायची. मी घरी गेलो तेव्हा ती मागावरच होती. पन्नाशीची, गळ्यात मंगळसूत्र. माझा गणवेश पाहून धोटा हातात तसाच धरून राहिली. मी एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या गाडीत काही वेगळं होतं का?"

"गरम हवेचं बटण होतं," ती म्हणाली. "आम्ही हसायचो त्याला. मे महिन्यात ह्यांनी एकदा मुद्दाम लावलं होतं." मग खालच्या आवाजात, "लोक म्हणतात, त्यांनी दुसरीकडं संसार मांडला. सासरचेही म्हणतात. मी कोणाला काही म्हणत नाही."

मी तिला काहीच सांगितलं नाही. हाती पुरावा नसताना आशा देणं हाही एक गुन्हाच आहे.

लग्नाच्या गाडीच्या मालकाने ती ज्याच्याकडून घेतली, त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं. अशी साखळी मागे नेत आम्ही राज्याच्या सीमेजवळच्या एका गॅरेजवाल्यापर्यंत पोहोचलो. मध्यम वयाचा, बोलका माणूस. ठाण्यात आणल्यावर पहिले दोन तास तो खूप बोलला. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देतो. मी त्याला चहा दिला आणि त्याच्यासमोर पट्टीचा फोटो ठेवला.

"यावर काय लिहिलंय, माहीत आहे? ही गाडी निळी होती. सीटा बदामी होत्या. आत हीटर होता."

बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं, त्याचाच आवाज येत होता. गॅरेजवाल्याने फोटो उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तो माणूस मरेल शे, साहेब," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. 'मरेल शे' म्हणजे मेलेला आहे. "मी नाही मारला."

मग सगळं सावकाश बाहेर आलं. गाडी तापली म्हणून तो माणूस दुपारी गॅरेजवर थांबला होता. सीमेपलीकडच्या गावातल्या एका जुन्या रंगाऱ्याकडून रेशीम रंगवून परत निघाला होता. पाणी प्यायला, पिशवीतून रेशमाच्या लडी काढून दाखवल्या.

"म्हणे, बायकोला हा रंग नाही पटला तर पुन्हा यावं लागेल. हसत होता. मग सीटवर मागं टेकला. मला वाटलं झोपला."

हृदय थांबलं होतं. गॅरेजवाला घाबरला. आपल्यावर येईल म्हणून त्याने त्या माणसाला त्याच गाडीत तसंच ठेवलं आणि सीमेपलीकडच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाजवळ बाकावर ठेवून आला. खिशातले कागद काढून घेतले. गाडी तशीच शेडमध्ये उभी राहिली. भीतीने केलेली आणि लोभाने केलेली गोष्ट यांत फार अंतर नसतं. आठवडाभर कोणी विचारायला आलं नाही, तेव्हा त्याने गाडी पांढरी रंगवली.

त्या दवाखान्याच्या पोलीस चौकीत अकस्मात मृत्यूच्या नोंदीत फोटो सापडला. अनोळखी पुरुष, बेवारस म्हणून अंत्यसंस्कार. चेहरा शांत होता. रेशमाच्या लडी मात्र गॅरेजच्या पत्र्याखाली, वाशावर एका पिशवीत होत्या. "त्या विकाव्याशा वाटल्या नाहीत," एवढंच तो म्हणाला. मयताची मालमत्ता हडपणं, पुरावा नाहीसा करणं, बनावट नंबर, अशी कलमं लावली. पुढे त्याला शिक्षा झाली.

त्या बाईला मी ठाण्यात बोलावलं. तिने फोटो ओळखला. गॅरेजवाल्याने सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. तिने लडी मागितल्या. मुद्देमाल असल्यामुळे देता येत नव्हत्या, पण पाहायला हरकत नव्हती. तिने एक लड सोडवून खिडकीच्या उजेडात धरली. वरच्या बाजूने रंग उडाला होता. आतल्या धाग्यांत शाबूत होता.

"हाच सांगितला होता," ती म्हणाली. "पटला असता मला."

अंगणात गाडी उभी होती. पेंटरने दारावर तळहाताएवढी जागा पाणी लावून काचपेपरने घासून ठेवली होती आणि मरून, पांढऱ्या, राखाडी कडांच्या आत मूळ निळा दिसत होता. तिने त्यावर बोटं ठेवली. "जवसाच्या फुलाचा," ती म्हणाली. कारखान्यात त्याला दोन आकडे होते.

जाताना तिने विचारलं, "साहेब, मी तेव्हा दिलेली तक्रार एकदा वाचून दाखवता का?"

येवला ठाण्याकडून तपासासाठी आलेल्या कागदांतून मी ती काढली आणि वाचली. शेवटचं वाक्य आमच्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं जातं तेच होतं: 'घरात कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेले.'

"पण मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "रेशीम रंगवायला गेलेत. कोणत्या रस्त्याने तेही सांगितलं होतं. लिहिणारे म्हणाले, असंच लिहायचं असतं."

खालची सही माझी नव्हती. पण ते वाक्य मीही कितीतरी वेळा लिहिलं होतं, समोरचा माणूस बोलत असताना, वर न बघता. त्या एका वाक्यामुळे त्या रस्त्याने कोणी विचारायला गेलं नाही आणि एका बाईने अकरा वर्षं नवऱ्याची बदनामी ऐकली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी सर्व अंमलदारांना सांगितलं, की बेपत्ता माणसाची तक्रार घेताना ठरलेली वाक्यं लिहायची नाहीत. घरचे सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत लिहायचं. आणि जोवर खात्री नाही तोवर 'निघून गेले' लिहायचं नाही. 'परत आले नाहीत' एवढंच लिहायचं.

एका जुन्या अंमलदाराने विचारलं, "साहेब, दोन्हीत फरक काय?"

मी त्याला येवल्याला जाऊन त्या बाईचा जबाब पुन्हा घेऊन यायला सांगितलं.